शमशेरभाईचा काढा

तासगावात शमशेर अत्ताराचं दुकान कुठं आहे असं विचारलं, तर माणसं पत्ता सांगत नाहीत. "नाक उघडं ठेवून चाला, आपोआप पोचाल," म्हणतात. ओवा, वेखंड, नागरमोथा, धूप, कापूर आणि या सगळ्यांच्या वरताण कुंकवाचा वास, असा तो मामला. दुकान एवढंसं. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. पण बाळाच्या गुटीपासून मयताच्या कापरापर्यंत गावाला जे जे लागतं, ते तीन भिंतींवरच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेलं.

शमशेर वैद्य नव्हे आणि हकीमही नव्हे. आजा हेच विकत आला, बाप हेच विकत आला, म्हणून हा विकतो. पण गिऱ्हाइकानं खोकल्याला ज्येष्ठमध मागितल्यावर मुकाट्यानं पुडी बांधून देईल तर तो शमशेर कसला! "कोरडा का ओला? कवापासनं हाय? जीभ दाखवा बगू." कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणारी धोंडुबाई त्याला तोंडावर म्हणायची, "आरं, तू डाक्टर झाला आसतास तर लय माणसं वाचली आसती." मग पदरानं तोंड पुसून, "न्हाई तर लय मेली तरी आसती." शमशेर दोन्ही वाक्यांना हसायचा, पण ध्यानात ठेवायचा ते पहिलंच.

कोरोनाच्या साली त्याचा काढा गावभर झाला. गुळवेल, अश्वगंधा, सुंठ, दालचिनी, मिरी, तुळस कुटून पुड्या बांधायच्या आणि वर स्वतःच्या अक्षरात 'शमशेरभाईचा काढा' असं लिहायचं. पुडीबरोबर भाषण मिळायचंच. "अंगात शिपाई आसत्यात. त्यांस्नी खुराक घाला, मग येऊ द्या कुठलाबी रोग." गावानं भाषण ऐकलं आणि काढाही घेतला. घेतला नाही तो एकट्या आसिफनं, त्याच्या सख्ख्या धाकट्या भावानं. "भय्या, लय कडू हाय," म्हणून तो टाळत राहिला, आणि दुसऱ्या लाटेत दहा दिवसांत गेला. त्याच्या जनाज्यालाही घरातली चारच माणसं. तेव्हापासून शमशेरच्या भाषणातली गंमत गेली आणि भीती आली. अंगातलं बळ कमी पडलं की माणूस हातातून निसटतो, हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. पुन्हा बघायची त्याची छाती नव्हती.

घरात तो, बायको शबाना आणि एकुलती एक लेक तरन्नुम. तरन्नुम सत्तावीस वर्षांची. पाचगणीच्या एका निवासी शाळेत गणित शिकवायची आणि तिथंच शिक्षकांच्या खोल्यांत राहायची. सुट्टीला घरी आली की बापाच्या गल्ल्यापाशी बसायची. घरातलं बोलणं म्हणजे दखनी आणि तासगावी मराठीची खिचडी. इथं सोयीसाठी मराठीच ठेवतो.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. दुकानात उटणं आणि हळद-कुंकवाची ही गर्दी. तरन्नुम कुंकू तोलत होती. तोलता तोलता थांबली आणि म्हणाली, "अब्बा, ह्यात विटंचा चुरा मिसळलाय का?"

शमशेरला ते झोंबलं. अत्ताराच्या दुकानात भेसळ, आणि ती दाखवणार कोण, तर पोटची पोर! त्यानं चिमूट घेतली, हुंगली, बोटावर चोळली. माल चोख वाटत होता, पण लेकीची नजर आपल्यापेक्षा तरुण, असं म्हणून त्यानं तिथंच व्यापाऱ्याला फोन लावला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याची चांगलीच हजेरी घेतली. तिकडून तो बिचारा अल्लाची आणि देवाची, दोन्ही शपथा घेत होता. शमशेरनं फोन ठेवला तेव्हा तरन्नुम एक हात डोळ्यावर धरून कुंकवाकडं बघत होती. हात ह्या डोळ्यावरून त्या डोळ्यावर न्यायची, परत आणायची.

"अब्बा," ती हळूच म्हणाली, "डाव्या डोळ्याला लालच दिसतंय. उजव्याला न्हाई दिसत."

चार दिवसांपासून उजवा डोळा हलवला की दुखत होता, हे तिनं तेव्हा सांगितलं. दिवाळीच्या गडबडीत सांगायचं राहिलं म्हणाली. शमशेरनं त्रिफळ्याचं पाणी गाळून दिलं, डोळा धुवायला. दोन दिवस धुतला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेपर उघडला आणि मिटून ठेवला. उजव्या डोळ्यासमोर मधोमध धुरकट डाग होता, आणि त्या डागात अक्षरं बुडाली होती.

सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, डोळा चांगला आहे, डोळ्यामागची नस सुजलीय, आजच्या आज मिरजेला न्या. मिरजेच्या हॉस्पिटलात तरन्नुमला त्या खडखडणाऱ्या नळकांड्यात घालून मेंदूचे फोटो काढले. पाच दिवस स्टेरॉइडची सलाइनं दिली. फोटो समजावून सांगायला आल्या त्या डॉक्टर पल्लवी लेंगरे, मेंदूच्या डॉक्टर, चाळिशीच्या, केस मागं घट्ट बांधलेल्या. पडद्यावर मेंदू राखाडी दिसत होता आणि त्यात पांढरे ठिपके होते. शमशेरनं मोजले. सात होते. त्यानं परत मोजले.

"आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात ना, चाचा..."

"शिपाई," शमशेर म्हणाला. हा विषय त्याच्या घरचा होता.

"हां, शिपाई. त्यांना मेंदूत सहसा मोकळं रान नसतं. तिथल्या रक्तवाहिन्यांची भिंत पक्की असते. पण तरन्नुमच्या काही पेशींची ओळख चुकलीय. नसांवर एक पांढरं आवरण असतं, वायरीवर असतं तसं. त्यालाच त्या शत्रू समजल्यात. टी पेशी नावाच्या पेशी भिंत ओलांडून आत शिरल्या आणि त्यांनी आत हाकाटी केली. मागोमाग बी पेशी आल्या. मेंदूतल्या राखणीच्या पेशी असतात, त्याही त्यांना सामील झाल्या. सगळ्या मिळून ते आवरण कुरतडतात. तिथं सूज येते आणि नसेतून निरोप पुढं जात नाही. आत्ता डोळ्याची नस होती."

"म्हंजे कुंपणच शेत खातंय?"

"अगदी."

"पर का? माझ्या पोरीनं कुणाचं काय वंगाळ केलंय?"

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही, चाचा." डॉक्टरांनी ते सरळ सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. "स्टेरॉइडनं आत्ताची सूज उतरेल. नजर बरीच परत येईल. पण हे परत होऊ शकतं. कधी, ते सांगता येत नाही. कुठं, तेही नाही. ते होऊ नये म्हणून दर सहा महिन्यांनी एक सलाइन द्यावं लागेल. त्यानं त्या बी पेशी काढून टाकता येतात. प्रतिकारशक्ती थोडी कमी होईल, तेवढी काळजी घ्यायची."

एवढा वेळ शमशेर मान हलवत होता. शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्याची मान थांबली. प्रतिकारशक्ती कमी करायची? पैसे देऊन, दवाखान्यात झोपवून, मुद्दाम? त्याच्या डोळ्यांपुढं आसिफ आला, तोंडावर नळी लावलेला.

"इचार करून सांगतो," तो म्हणाला.

"विचार करा, पण उशीर करू नका," डॉक्टर म्हणाल्या.

तीन आठवड्यांत तरन्नुमची नजर परत आली. कुंकू लाल दिसायला लागलं, पेपर वाचता यायला लागला. शबानानं दर्ग्यात चादर चढवली. घरात सगळ्यांना वाटलं, आलं तसं गेलं. एक दिवस तरन्नुमनं बापाला विचारलं, "अब्बा, ते सलाइन घ्यायचं का? तुमाला काय वाटतं?" पोरगी एमएस्सी झालेली, चाळीस पोरांना धाकात ठेवणारी. पण लहानपणापासून ताप असो की कावीळ, औषध बापाच्या हातचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. शिवाय ती स्वतःच घाबरलेली होती आणि कुणीतरी 'नको' म्हणावं असं तिला वाटत होतं.

शमशेर म्हणाला, "आधी अंगात बळ येऊ दे. मग बगू."

आणि त्यानं काढा करायला घेतला. नेहमीचा नव्हे. तासगावच्या बाहेर एका जुन्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल त्याला ठाऊक होती. लिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणकारी, असं त्याचा बाप सांगायचा. ती स्वतः तोडून आणली, सावलीत वाळवली, स्वतः कुटली, आणि मापात दुप्पट घातली. इतकं मन लावून त्यानं उभ्या आयुष्यात काही कुटलं नव्हतं. सुट्टी संपवून तरन्नुम पाचगणीला निघाली तेव्हा तीन महिन्यांच्या पुड्या बॅगेत भरल्या. रोज संध्याकाळी फोन.

"घेतलास?"

"घेतला, अब्बा."

शमशेरचा विश्वास बसायचा नाही. लहानपणी ही बया काढ्याचा पेला मोरीत ओतून ओठ पुसत यायची. पण रोज विचारणारा बाप आणि हो म्हणणारी लेक, दोघांचं बरं चाललं होतं. मिरजेहून दोनदा फोन आला, सलाइनचं काय ठरलं म्हणून. शमशेरनं दोन्ही वेळा पुढच्या महिन्याचं सांगितलं.

फेब्रुवारीत, द्राक्षाच्या ऐन हंगामात, सकाळी नऊला तरन्नुमचा फोन आला. संध्याकाळचा फोन सकाळी आला म्हटल्यावर शमशेरनं हातातली पुडी तशीच सोडली.

"अब्बा, घाबरू नगा. काल माझी चप्पल पायातनं निसटली."

"मंग?"

"मंग मला कळलंच न्हाई. तशीच वर्गापतूर गेले. पोरं म्हणाली, टीचर, चप्पल." ती थांबली. "कमरंपास्नं खाली मुंग्या येत्यात. पोटाला कुणी पट्टा आवळल्यावानी झालंय. आज सकाळी उठले तर डावा पाय उचलंना."

शमशेरनं दुकानाला कुलूप घातलं, ते नीट लागलं का बघितलंही नाही, आणि साताऱ्याची एसटी धरली.

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलली. शेजारी एक रिटायर सुभेदार येऊन बसले आणि भरतीचे, छावणीचे किस्से सांगू लागले. शमशेर हूं हूं करत होता. सुभेदार म्हणाले, "शिपायाला खायला घातलं, की तो लढणारच. कुणाशी लढायचं ते मात्र वरच्यानं सांगावं लागतं." म्हातारा सहज बोलून गेला, पुढं दुसऱ्याच गोष्टीकडं वळला. शमशेर मात्र तिथंच अडकला.

वाई मागं पडली आणि गाडी पसरणीच्या घाटाला लागली. एका वळणावर शमशेरला ते दिसलं. डॉक्टरीणबाईनं सरळ सांगितलं होतं की पोरीचे शिपाईच तिच्या नसा कुरतडतायत. आणि आपण तीन महिने काय केलं? त्याच शिपायांना खुराक घातला. दुप्पट मापानं, लिंबावरची गुळवेल हुडकून. घाट चढताना माणसं खिडकीतून खालची कृष्णा बघत होती आणि हा पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसला होता. या अल्ला, तो मनात म्हणत होता, पोरगी लहानपणी ओतायची तशी ओतत असू दे. मोरीत ओतलेलं असू दे. रोज खोटं बोललेली असू दे माझ्याशी.

तरन्नुमच्या खोलीचं दार उघडं होतं. ती कॉटवर बसली होती, डावा पाय हातानं उचलून वर घेतलेला. शमशेरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग राहवेना म्हणून विचारलंच, "पुड्या कुठं हायत, बेटा?"

तिनं फळीवरच्या डब्याकडं बोट केलं. शमशेरनं डबा उघडला. आत पुड्यांचे रिकामे कागद होते, एकावर एक, सरळ करून ठेवलेले. गणिताच्या मास्तरणीचं काम. प्रत्येकावर तारीख घातलेली.

"एकबी दिस चुकला न्हाई, अब्बा," ती म्हणाली. तिला वाटलं, बाप रागावेल की काढा घेऊनही असं कसं झालं, म्हणून सगळं दाखवून देत होती. "लय कडू हुता. तरी घेतला. आसिफचाचानं घेतला न्हवता, म्हणून."

शमशेर त्या डब्यात बघत उभा राहिला. त्याला रडायलाही आलं नाही. फार घाबरलेल्या माणसाला रडू येत नाही.

मिरजेला परत तेच नळकांडं, तीच सलाइनं. या वेळी फोटो पाठीच्या कण्याचाही काढला. मानेच्या खाली बोटाच्या पेराएवढा पांढरा पट्टा होता. मेंदूतल्या ठिपक्यांत तीन नवे. डॉक्टर पल्लवींनी फाइल उघडली आणि सरळ तरन्नुमला विचारलं, "मधल्या काळात दुसरं काही औषध घेतलं? आयुर्वेदिक, घरगुती, काही?"

तरन्नुमनं बापाकडं बघितलं. "न्हाई, मॅडम," ती म्हणाली.

किती सोपं झालं असतं! डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं असतं, पान उलटलं असतं. तासगावात ज्याच्या हातच्या पुडीवर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात, त्याची अब्रू पोरीनं झाकली होती. शमशेर खुर्चीतून उठला.

"खोटं बोलतीया ती," तो म्हणाला. "माझ्यासाठी बोलतीया. काढा दिला हुता मी. गुळवेल, अश्वगंधा. तीन महिनं, रोज. ती सलाइनला तयार हुती, मीच थांबवली." आणि मग आवाज फुटला. "बाई, माझ्याच हातनं झालं का हे? काय आसंल ते सांगा."

डॉक्टरांनी काढ्याची नोंद फाइलमध्ये केली. शमशेरला वाटलं, त्या आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मला माहीत नाही, चाचा," त्या म्हणाल्या. "काढा घेतला नसता तरी हा झटका आला असता, असंही असेल. काढ्यानं आला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नाही आला, हेही नाही सांगू शकत. पण ज्याच्यामुळं या पेशी चेकाळू शकतात असं काहीही या आजारात द्यायचं नाही. आणि सलाइनला उशीर झाला, तो मात्र झालाच."

रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा आणखी एक निघालं. यकृताचे आकडे वाढलेले होते. ते खाली आल्याशिवाय ते सलाइन द्यायचं नाही, असं ठरलं. तेही कशानं वाढले, ते डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही; पण काढा बंद, एवढं मात्र ठासून सांगितलं. म्हशीचा रोग आणि पखालीला इंजेक्शन म्हणतात, ते तरी हसून सोडून देण्यासारखं. इथं पखाल फुटायची वेळ आली होती.

आता वाट बघायची. स्टेरॉइडनं पायात थोडा जीव आला होता, वॉकर धरून तरन्नुम न्हाणीपर्यंत जायची, आणि तेवढ्यात घामाघूम व्हायची. पण आत ते शिपाई मोकळेच होते. उद्या कुठल्या नसेवर जातील? दुसरा डोळा? हात? बोलणं? शमशेर रोज सकाळी कुंकवाची डबी तिच्यासमोर धरायचा. "ह्या डोळ्यानं कसं दिसतंय? आणि ह्या?" मग पायाची बोटं एकेक दाबायचा. "ही कुठली? आणि ही?" तरन्नुम आधी हसायची. पुढं पुढं तिचं हसू मावळलं, कारण डबी धरताना बापाचा हात कापायचा आणि ते बघून तिलाच धडकी भरायची. शबानानं शेवटी डबी काढून घेतली. "तुमी भ्याव दाखवायला येताय का रंग दाखवायला?" ती म्हणाली.

दुकानात गिऱ्हाईक काढा मागायचं. "संपलाय," शमशेर म्हणायचा. धोंडुबाईनं सांधेदुखीला काही मागितलं, तर तो डब्यांच्या भिंतीसमोर उभा राहिला आणि कुठल्या डब्याला हात घालावा हेच त्याला कळेना. पन्नास वर्षांचे ओळखीचे डबे. म्हातारी बघत राहिली, मग काही न घेता गेली.

तीन आठवड्यांनी आकडे उतरले. सलाइन लावायच्या आदल्या दिवशी शमशेर डॉक्टरांच्या खोलीत गेला, टोपी हातात घेऊन.

"बाई, एक इचारतो. शिपाईच काढून घेतल्यावर, बाकीचा रोग आला तर?"

डॉक्टर पल्लवींनी पेन खाली ठेवलं. "आम्ही आटपाडीकडचे धनगर, चाचा. माझ्या आज्याची मेंढरं होती. कळपाला कुत्रं लागतंच. पण एखादं कुत्रं कधी आपल्याच कळपातलं कोकरू फाडतं. का फाडतं ते कळत नाही. एकदा चटावलं की ते सोडत नाही."

"मंग काय करत्यात?"

"त्याला खुराक वाढवत नाहीत." शमशेरची मान खाली गेली. डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "त्याला कळपाजवळ ठेवत नाहीत. मग लांडग्याची भीती राहते, हे खरंच. त्याला दुसरा इलाज नाही, माणसानं काठी घेऊन बसायचं. आता तुम्ही बसायचं. सर्दी, खोकला, ताप असलेलं माणूस तिच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. कुणीही असो. तिला ताप आला तर वाट न बघता इकडं आणायचं."

दुसऱ्या दिवशी सलाइन सुरू झालं. अर्ध्या तासात तरन्नुमला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, गळ्याला खाज सुटली. नर्स धावली, थेंब थांबवले, एक इंजेक्शन दिलं. शमशेर भिंतीला टेकून कलमा म्हणत होता. थोड्या वेळानं परत थेंब सुरू झाले, हळू. सगळी बाटली उतरायला संध्याकाळ झाली. एवढा वेळ तो उभाच होता. शबानानं दोनदा खुर्ची सरकवली, त्याला दिसली नाही.

घरी आल्यावर शमशेरनं खरोखरच काठी घेतली नाही एवढंच. पाहुण्यांना दारातून परत पाठवलं. मेहुणा शिंकला म्हणून त्याला भर अंगणातून हाकलला; तो अजून बोलत नाही. साबणाच्या वड्या, उकळलेलं पाणी, तोंडाला मास्क. शबानाची एक बहीण म्हणाली, पोरीला काय बाधाबिधा झालीय का? शमशेरनं तिलाही रस्ता दाखवला.

नवव्या दिवशी दुपारी दुकानात बसला असताना त्याच्या घशात खवखवलं.

त्यानं दुर्लक्ष करायचा प्रयत्न केला. गुळण्या केल्या. तासाभरानं अंगात कणकण आली. गावात तापाची साथ होती, दिवसभर गिऱ्हाइकं खोकतच पुड्या नेत होती. शमशेरला सकाळ आठवली. सकाळी त्यानं तरन्नुमला न्हाणीपर्यंत धरून नेलं होतं. तिच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या हातानं पुसला होता. मास्क लावला होता का? लावला होता. नाकावर होता, का हनुवटीवर? ते काही केल्या आठवेना. साऱ्या गावाला दारातून हाकललं आणि रोग आत नेला तो आपणच, हे ध्यानात आलं तेव्हा तो गोणीवर बसला.

तो घरी गेला नाही. शबानाला फोन करून सांगितलं. दुकानातच गोण्या सरकवून पथारी टाकली. शबाना जेवणाचा डबा पायरीवर ठेवून जायची. दिवसातून दहा वेळा तो एकच विचारायचा, "अंग तापलंय का तिचं?" "न्हाई." "परत बघ." तरन्नुम स्वतः फोन घेऊन सांगायची, अब्बा, मी बरी हाय, तुमी औषध घ्या. त्यानं औषध घेतलं, सरकारी दवाखान्यातलं, गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या आणि काढ्याचं नावही काढलं नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला होता, खोकला होता. अंगावरचे कपडे पार मळले, म्हणून तो सकाळी घरापर्यंत गेला. शबानानं धुतलेला जोड फाटकावर टाकून ठेवायचा, असं ठरलं होतं. घराचं अंगण पंधरा-वीस पावलांचं. शबाना मागं पाणी भरत होती. शमशेरनं फाटकावरचे कपडे उचलले, आणि दारात कुणी उभं असल्याचं त्याला जाणवलं.

तरन्नुम होती. वॉकर तिच्या मागं, घरात राहिला होता. तिनं चौकट धरली होती. बापाला बघून तिनं चौकट सोडली.

एक पाऊल. मग डावा पाय, जरा ओढत, पण उचलून. मग उजवा. सहा-सात आठवडे तो या एका गोष्टीसाठी दुवा मागत होता, आणि ती त्याच्यासमोर घडत होती, भर उन्हात, कशालाही न धरता. त्याच्या तोंडून आनंदाची आरोळी निघणार, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. तो वाकून खोकला, आणि खोकता खोकता त्याच्या लक्षात आलं, ती आपल्याकडंच येतेय.

"थांब!" तो ओरडला. "तिथंच थांब, पोरी! मागं जा!"

तिला वाटलं, पडेन म्हणून बाप घाबरलाय. तिनं दोन्ही हात बाजूला पसरून तोल सावरला.

"पडत न्हाई, अब्बा, बघा तरी!"

तरन्नुम हसत एकेक पाऊल पुढं टाकत होती, आणि शमशेर तोंडावर रुमाल दाबून, फाटकाबाहेर, रस्त्यावर, एकेक पाऊल मागं सरकत होता.